ब्रास म्हणजे नक्की किती? मोजायचा कसा आणि चूक होते कुठे

घराचं काम काढलं की पहिल्या आठवड्यातच हा शब्द आपल्या तोंडात बसतो. "तीन ब्रास वाळू पडली", "खोदकाम पंधरा ब्रास झालं", "प्लॅस्टर बावीस ब्रास निघालं". बोलताना सगळं समजल्यासारखं वाटतं. बिलाच्या दिवशी कळतं की गवंड्याचा ब्रास वेगळा होता, गाडीवाल्याचा वेगळा आणि आपल्या डोक्यातला तिसराच.

गेल्या वर्षी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, प्लॅस्टर बावीस ब्रास आहे म्हणतोय मिस्त्री. मग बावीस ब्रास वाळू सांगून टाकू ना?" त्याला लागणार होती जेमतेम सव्वा ब्रास. चूक त्याची नव्हती, एकच शब्द दोन मापांना वापरला जातो याची होती. म्हणून हा लेख. खाली दिलेला क्रम मोडू नका. निम्मी भांडणं मोजणी उलट्या क्रमाने केल्यामुळे होतात, म्हणजे आधी माल उतरवायचा आणि मग टेप शोधायचा.

## पायरी १: आधी विचारा, कसला ब्रास?

ब्रास म्हणजे शंभर. पण शंभर काय, हे कामावर ठरतं.

वाळू, खडी, मुरूम, डबर, माती, खोदकाम, काँक्रीट आणि दगडी बांधकाम या गोष्टी घनफळात मोजतात. इथे एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच असा ठोकळा डोळ्यांपुढे आणा. मेट्रिकमध्ये तो २.८३ घनमीटर भरतो.

प्लॅस्टर, रंग, फरशी, पत्रे, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) ही कामं पृष्ठभागावर मोजतात. इथे एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट, अर्थात ९.२९ चौरस मीटर. जाडी किंवा उंचीचा इथे संबंधच नाही.

वीटकाम मात्र दोन्हीकडे बसतं. काही ठेकेदार नऊ इंची भिंत घनफुटात धरतात, काही सरळ चौरस फुटात. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. १०० चौरस फुटांची नऊ इंची भिंत चौरसाच्या हिशोबाने पूर्ण एक ब्रास होते. घनफळाने ती ७५ घनफूट, म्हणजे पाऊण ब्रास. साडेचार इंची भिंत असेल तर ३७.५ घनफूट. दर एका पद्धतीचा आणि मोजणी दुसऱ्या पद्धतीची झाली की चौथाई रक्कम हवेत जाते. साडेचार इंचीला तर निम्म्याहून जास्त.

आणि एक तिसरा ब्रास असतो, गाडीवाल्याचा. "ट्रॉली म्हणजे ब्रास" असं तो सहज म्हणतो. ट्रॉली ही ट्रॉली असते. तिच्यात किती मावतं ते तिच्या हौद्यावर अवलंबून, आणि किती भरलंय ते भरणाऱ्यावर.

तपासा: दर ठरवताना चिठ्ठीवर नुसतं "ब्रास" लिहू नका. "१०० घनफूट" किंवा "१०० चौ. फूट" असं लिहा. समोरच्याला राग येत नाही, उलट मोजणारा मालक भेटला हे त्याला कळतं.

## पायरी २: टेप, फळी, वही

सामान फार लागत नाही. स्टीलचा टेप (कापडी टेप ताणला जातो), सरळ धारेची पाच-सहा फुटी फळी, एक बारीक सळई, सुतळी आणि वही. मोबाइल कॅल्क्युलेटर आहेच.

खरी तयारी आकड्यांची करायची आहे. फूट-इंचाचं दशांशात रूपांतर चुकणं ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात मोठी चूक आहे. पाच फूट सहा इंच म्हणजे ५.६ नव्हे, ५.५. इंच बारा असतात, दहा नव्हे. तीन इंच ०.२५, चार इंच ०.३३, सहा इंच ०.५, आठ इंच ०.६७, नऊ इंच ०.७५. एवढं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

याहून सोपी वाट म्हणजे फूट विसरायचेच. तिन्ही मापं इंचात घ्या, गुणाकार करा आणि १७२८ ने भागा (१२ × १२ × १२). उत्तर घनफुटात येतं. त्याला १०० ने भागलं की ब्रास.

एक ट्रॉली घेऊ. आतून लांबी १० फूट ३ इंच, रुंदी ६ फूट २ इंच, उंची १ फूट ८ इंच. म्हणजे १२३, ७४ आणि २० इंच.

१२३ × ७४ × २० = १,८२,०४०. भागिले १७२८ = १०५.३ घनफूट.

हीच मापं घाईत १०.३ × ६.२ × १.८ अशी धरली तर उत्तर येतं जवळपास ११५. त्याच ट्रॉलीत, त्याच मापांत, नुसत्या टिंबाने दहा घनफूट वाळू वाढली. दहा फेऱ्यांत एक ब्रास.

## पायरी ३: माल सांगण्याआधी किती लागणार ते काढा

इथली नेहमीची चूक: काँक्रीट अडीच ब्रास आहे, म्हणून वाळू-खडी मिळून अडीच ब्रास सांगायची. खडीच्या फटीत वाळू जाते, वाळूच्या फटीत सिमेंट जातं, पाणी पडल्यावर सगळं खाली बसतं. सुका माल नेहमी जास्त लागतो. काँक्रीटसाठी ओल्या घनफळाला १.५४ ने गुणायची पद्धत आहे.

३० बाय २० चा स्लॅब, जाडी पाच इंच. बीम सध्या बाजूला ठेवू.

३० × २० × ५ ÷ १२ = २५० घनफूट. हे झालं तयार काँक्रीट, अडीच ब्रास.
सुका माल: २५० × १.५४ = ३८५ घनफूट.
एकास दीड, दीडास तीन असं प्रमाण (१ : १.५ : ३) धरलं तर एकूण भाग साडेपाच. ३८५ ÷ ५.५ = ७०. हा झाला एक भाग.

सिमेंट ७० घनफूट. पन्नास किलोची गोणी सव्वा घनफुटाची धरतात, म्हणून ५६ गोण्या. वाळू १०५ घनफूट, खडी २१० घनफूट. वाळू एक ब्रासच्या किंचित वर आणि खडी दोन ब्रासच्या किंचित वर. दोन्हींची बेरीज तीन ब्रासपेक्षा जास्त, काँक्रीट मात्र अडीचच. सांडलवंड म्हणून पाच टक्के वाढवा.

सावधान: प्रमाण ठरवायचं काम इंजिनिअरचं आहे. तो जे देईल ते घ्या, फक्त हिशोबाची रीत ही ठेवा. आणि वाळूचा हा आकडा कोरड्या वाळूचा आहे. ओल्या वाळूचं काय करायचं ते पाचव्या पायरीत येतंय. तिथपर्यंत गाडी सांगू नका.

विटांचा आकडा काढताना लोक कुणाचा तरी तयार आकडा घेतात. प्रत्येक भट्टीची वीट वेगळी असते. आपली वीट मोजा, तिन्ही बाजूंना सांध्याची जाडी मिळवा, गुणाकार करा आणि १,७२,८०० ला त्याने भागा. एक घन ब्रास म्हणजे इतके घनइंच. ९ × ४ × ३ ची वीट आणि चार दशांश इंचाचा सांधा धरला तर ९.४ × ४.४ × ३.४ = साधारण १४०.६ घनइंच, म्हणजे ब्रासला सुमारे १,२३० विटा. तुटफूट वेगळी.

## पायरी ४: गाडी रिकामी व्हायच्या आत मोजा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढी पायरी वाचा.

गाडी आली की ड्रायव्हर घाईत असतो. पुढची फेरी आहे, रस्त्यात गाडी उभी आहे, मागून कुणीतरी हॉर्न वाजवतंय. हौदा उचलला की मोजणीचा विषय संपला. म्हणून आदल्या दिवशीच सांगून ठेवायचं: "मोजल्याशिवाय फाळका (हौद्याची उघडणारी बाजू) उघडायचा नाही."

गाडी सपाट जागी उभी करा. उतारावर उभ्या गाडीत माल एका बाजूला झुकतो आणि उंच बाजूची मापं घेतली जातात. मग वर चढा.

पहिल्यांदा हौद्याची लांबी-रुंदी आतून घ्या. मी पहिल्या घराच्या वेळी खाली उभं राहून बाहेरून घेतली होती. पत्र्याची जाडी, बाहेरच्या पट्ट्या आणि फाळक्याचे बिजागर धरून लांबी आणि रुंदी दोन्ही तीन-तीन इंच जास्त आली. उंचीही जमिनीकडून बघून अंदाजाने धरली. अठरा ट्रॉल्या झाल्यावर लक्षात आलं, तोवर पैसे दिलेले होते. तक्रार कुणाकडे करणार? मोजलं मीच होतं.

काही हौदे वर रुंद आणि तळाला अरुंद असतात. तसं असेल तर वरची आणि तळाची रुंदी घेऊन सरासरी काढा. तळाची रुंदी गाडी रिकामी असताना घ्यावी लागते. म्हणून नेहमीच्या गाडीवाल्याची रिकामी गाडी एकदा मोजून नंबरासकट वहीत टिपून ठेवा. पुढच्या प्रत्येक फेरीला फक्त उंची घ्यायची. चाकाच्या जागी तळ वर उचललेला असेल तर तेवढा ठोकळा वजा करा.

आता शीग, म्हणजे काठाच्या वर आलेला ढीग. मधे डोंगर आणि कडेला खड्डा असा माल दिसायला भरगच्च वाटतो. फळी आडवी धरून माल सारखा करायला सांगा, काठोकाठ नसला तरी चालेल पण सपाट हवा. ड्रायव्हर "शीग आहे की, जास्तच भरलाय" म्हणेल. असू दे, सपाट केल्यावर जास्त निघालं तर जास्तीचे पैसे द्या. मापाचं दोन्हीकडून खरं असावं.

सपाट झाल्यावर सळई तळापर्यंत खुपसा, मालाच्या वरच्या पातळीला बोटाने धरा, बाहेर काढून टेपवर मोजा. एकाच जागी नाही, नऊ जागी: पुढे तीन, मधे तीन, मागे तीन. नवाची बेरीज करून नवाने भागा.

वरचीच ट्रॉली. हौदा वीस इंच उंच, पण सळईची सरासरी आली १७ इंच.

१२३ × ७४ × १७ ÷ १७२८ = ८९.५ घनफूट.

"एक ब्रास" म्हणून आलेली ट्रॉली नव्वद घनफुटांची निघाली. डोळ्यांना तीन इंच कमी दिसत नाहीत, कडेला वाळू फाळक्याला टेकलेली असते.

तपासा: सळई पत्र्याला टेकल्याचा "टण" आवाज आला का? खडीत ती मधेच अडकते. अडकली तर जागा बदला, जोर लावून अर्ध्यावरची उंची धरू नका.

टिपर किंवा दहा चाकी गाडीला रीत हीच, फक्त उंची जास्त असल्याने नऊऐवजी पंधरा जागा घ्या. "पाच ब्रासची गाडी" हे गाडीचं नाव आहे, माप नव्हे.

## पायरी ५: वाळू ओली आहे का?

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. कारण ओली वाळू जड असते, म्हणून ती जास्त आहे असं मनाला वाटतं. घनफळाच्या बाबतीत उलटं आहे.

वाळूच्या कणांवर पाण्याचा पातळ पापुद्रा चढला की कण एकमेकांपासून दूर राहतात आणि वाळू फुगते. पाच-सहा टक्के ओलावा असला की हा फुगारा वीस-पंचवीस टक्क्यांवर जातो, बारीक वाळूत तीसच्याही पुढे. पाणी आणखी वाढून वाळू पूर्ण भिजली की पापुद्रे मोडतात आणि ती पुन्हा खाली बसते. म्हणजे खडखडीत कोरडी आणि पाण्यात बुडालेली वाळू जवळपास सारखीच जागा घेते. मधली, नुसती दमट असलेली, फसवते. क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) हीसुद्धा फुगते. खडी मात्र फुगत नाही, कण मोठे असतात.

फुगारा तपासायला दहा मिनिटं लागतात:

१. सरळ बाजूंचं भांडं घ्या. पत्र्याचा डबा चालतो, बादली नको (ती वर रुंद असते).

२. दोन तृतीयांशापर्यंत वाळू सैल भरा. दाबू नका, ठोकू नका. वर सपाट करून उंची मोजा. समजा आठ इंच आली.

३. वाळू दुसऱ्या भांड्यात काढा, एक कणही सांडू देऊ नका. रिकाम्या डब्यात निम्म्यापर्यंत पाणी घ्या.

४. निम्मी वाळू पाण्यात सोडा, सळईने ढवळून हवा काढा. उरलेली सोडा, पुन्हा सळई फिरवा. वर सपाट करा.

५. आता उंची मोजा. समजा सहा इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे ६.३७५.

८ ÷ ६.३७५ = १.२५. फुगारा पंचवीस टक्के.

याचा अर्थ दमट वाळूच्या एका ब्रासमध्ये खरी वाळू ८० घनफूट आहे. आणि वरच्या स्लॅबला लागणारी १०५ घनफूट कोरडी वाळू या ओल्या मालात मोजाल तर १०५ × १.२५ = १३१ घनफूट घ्यावी लागेल. एक ब्रासऐवजी सव्वा ब्रासच्या वर.

दर ठरवतानाच फुगाऱ्याची वजावट बोलून घ्या, किंवा कोरड्या वाळूचा दर घ्या. गाडी दारात आल्यावर हा विषय काढला तर फुगारा म्हणजे काय हे समजावण्यातच दुपार जाते.

सावधान: फुगाऱ्याचा परिणाम फक्त पैशावर होत नाही. मिक्सरवर घमेल्याने ओली वाळू मोजली की काँक्रीटमध्ये वाळू कमी पडते आणि स्लॅबच्या खालून खडी दिसायला लागते. घमेलं सोडा, मापाची पेटी करून घ्या. आतून १२ × १२ × १५ इंच. ती २१६० घनइंच, म्हणजे बरोबर सव्वा घनफूट भरते: एक गोणी सिमेंट, एक पेटी. दीड पेटी वाळूच्या जागी पंचवीस टक्के फुगाऱ्याला पावणेदोनहून थोडी जास्त पेटी वाळू.

## पायरी ६: माल उतरलाच असेल तर

आपण नोकरीवर होतो, माल परस्पर पडला, असं होतंच. तेव्हा ढीग मोजा, पण गाडीच्या मापाइतकी खात्री त्यात नाही हे धरून चाला.

गोल ढीग असेल तर पायथ्याभोवती सुतळी फिरवून परीघ घ्या. उंचीसाठी टोकातून सळई जमिनीपर्यंत खुपसा. मग परीघ × परीघ × उंची ÷ ३८. परीघ ३० फूट, उंची साडेतीन फूट असेल तर ९०० × ३.५ ÷ ३८, जेमतेम ८३ घनफूट. ढिगाचं टोक सपाट झालं असेल तर हे सूत्र लावू नका, ते टोकदार ढिगासाठी आहे.

खडी किंवा डबर जास्त असेल तर मजूर लावून चौकोनी चट्टा रचून घ्या आणि लांबी-रुंदी-उंची मोजा. डबराच्या चट्ट्यात आत पोकळ्या ठेवून वर व्यवस्थित दगड रचण्याची कला काही जणांना अवगत असते. एका बाजूचे चार दगड काढून आत बघा.

## पायरी ७: माल टनाने आला तर

आता बरेच क्रशर माल काट्यावर देतात. एका ब्रास वाळूचं वजन साधारण साडेचार टन धरतात. खडी सैल भरलेली असेल तर चार ते साडेचार टनांच्या मधे येते, दगडाच्या जातीवर आणि आकारावर. टनाचा दर आणि ब्रासचा दर शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर टनाच्या दराला साडेचारने गुणा.

इथे ओलाव्याचा खेळ पुन्हा उलटतो. मापाने घेतलेल्या ओल्या वाळूत हवा विकत येते, वजनाने घेतलेल्या वाळूत पाणी. साडेचार टन वाळूत कोरड्या वजनाच्या पाच टक्के पाणी असेल तर दोनशे किलोच्या वर पाण्याचेच पैसे गेले. तरीही घनफळातल्या पंचवीस टक्क्यांपेक्षा पाच टक्के बरे. वाळू दमट असेल आणि पर्याय असेल तर मी काटा निवडतो.

तपासा: काट्याच्या चिठ्ठीवर भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन त्याच दिवसाचं आहे ना? "रिकामी गाडी नेहमी इतकीच भरते" हे उत्तर चालवून घेऊ नका.

## पायरी ८: खोदकाम आणि भराव

खोदकाम खड्ड्यात मोजायचं, बाहेर पडलेल्या मातीत नाही. माती मोकळी झाली की वाढते. पाच बाय पाच बाय पाचचे बारा खड्डे म्हणजे १५०० घनफूट, पंधरा ब्रास. तीच माती ट्रॉलीने बाहेर टाकायला गेलात तर पंचवीस टक्के फुगवट धरून एकोणीस ब्रासच्या आसपास भरते. खोदणाऱ्याला पंधराचे पैसे, वाहणाऱ्याला एकोणीसचे. दोघेही बरोबर असतात, पण घरमालकाला वाटतं कुणीतरी लुबाडतंय.

खड्डा माप घेतल्याशिवाय बुजवू देऊ नका. पीसीसी (तळाचं साधं, बिनसळईचं काँक्रीट) पडलं की खोली तितकी कमी दिसते. माती, मुरूम आणि कठीण खडक यांचे दर वेगळे असतील तर खडक लागला त्या क्षणी त्याची खोली टिपा, नंतर कुणाच्याच लक्षात राहत नाही. जेसीबी तासावर असेल तर ब्रासचा प्रश्नच नाही, घड्याळ बघा.

भरावाला उलटं. जोत्यात ३० × २० × २ फूट मुरूम म्हणजे १२०० घनफूट, बारा ब्रास. पण हा दाबलेला मुरूम. सैल मुरूम पंधरा ब्रास तरी लागेल, पाणी मारून सहा-नऊ इंचांच्या थरांनी दाबलात तर.

## पायरी ९: चौरस ब्रास

१२ × १० ची खोली, उंची दहा फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. ४.४ ब्रास. छत वेगळं धरा, १.२ ब्रास.

वाद होतो तो दार-खिडकीच्या वजावटीवर. भारतीय मानकाची पद्धत अशी आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं छिद्र वजा करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या मधलं असेल आणि दोन्ही बाजूंना प्लॅस्टर असेल तर एकाच बाजूची वजावट करतात, दुसऱ्या बाजूच्या बदल्यात चौकटीच्या कडांचं काम धरलं जातं. तीन चौरस मीटरच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा करून कडा वेगळ्या मोजतात. तीन चौरस मीटर म्हणजे साधारण ३२ चौरस फूट. ३ × ७ चं दार २१ चौरस फूट, म्हणजे मधल्या गटात. गावाकडे बरेच मिस्त्री काहीच वजा करत नाहीत आणि दर थोडा कमी लावतात. दोन्ही पद्धती चालतात, मधेच बदलली तर भांडण.

आता मेहुण्याचा प्रश्न. अर्धा इंच जाडीचं एक ब्रास प्लॅस्टर म्हणजे १०० × ०.५ ÷ १२ = सव्वाचार घनफुटांपेक्षा थोडा कमी मसाला. सुका माल आणि विटांच्या सांध्यात जाणारा मसाला धरून, एकास चार प्रमाणाला, ब्रासमागे पाच-सहा घनफूट वाळू. बावीस ब्रासला ११० ते १३२ घनफूट. वाळूचा एक ब्रास प्लॅस्टरचे सोळा ते वीस ब्रास करतो. चाळताना गेलेली वाळू धरून त्याने दीड ब्रास घेतली, आणि दोन-चार पाट्या उरल्या.

## पायरी १०: पावती आणि वही

वाळू-मुरूम ही गौण खनिजं आहेत आणि सरकारचं स्वामित्वधनही (रॉयल्टी) ब्रासवरच आकारलं जातं. घरकुल लाभार्थ्यांना मिळणारी मोफत वाळूसुद्धा ५ ब्रास अशीच लिहिलेली असते. गाडीसोबतच्या वाहतूक पासवर किती ब्रास लिहिलंय ते वाचा. पासवर दोन ब्रास आणि गाडीवाला तीनचे पैसे मागत असेल, तर एक तर तो तुम्हाला फसवतोय किंवा सरकारला. दोन्हींत आपण पडू नये. पासाचा फोटो काढून ठेवा, तारीख आणि गाडीचा नंबर दिसेल असा.

अंदाजपत्रक इंजिनिअरने घनमीटरमध्ये दिलं असेल तर घनमीटरला २.८३ ने भागा म्हणजे ब्रास मिळतील. दर बदलताना मात्र गुणा: घनमीटरला हजार रुपये असतील तर ब्रासला २,८३०. भागायचं की गुणायचं हे विसरलात तर एवढंच आठवा, ब्रास मोठा आहे. संख्या कमी होणार, दर वाढणार.

वहीत प्रत्येक गाडीची एक ओळ: तारीख, गाडी नंबर, माल, लांबी, रुंदी, सरासरी उंची, घनफूट, ओली की कोरडी, ड्रायव्हरची सही. सही तिथल्या तिथे, गाडी हलायच्या आत. महिन्याअखेरीला घनफुटांची बेरीज करा आणि शेवटी एकदाच १०० ने भागा. प्रत्येक फेरीला "०.९ म्हणजे एकच धरू" असं केलंत तर दहाव्या गाडीला पूर्ण ब्रासचा फरक पडलेला असतो.